पोरांची स्पर्धा, हिशोब मोठ्यांचा

आइस हॉकीच्या वर्ल्ड ज्युनिअर्सला जगाची स्पर्धा म्हणायचं की कॅनडाची नाताळच्या सुट्टीतली टीव्ही सिरियल, हा वाद मी इथे कॅनडात बऱ्याच लोकांशी घातलाय आणि माझं मत आता पक्कं झालंय. ती सिरियल आहे. भारी आहे, मीही बघतो, ओव्हरटाइमला ओरडतोही, पण तिच्यात जीव ओतणारी पोरं १८-१९ वर्षांची आणि तिचा गल्ला मोजणारे सगळे पन्नाशीचे, आणि या स्पर्धेचा आजवरचा इतिहास बघितला तर प्रत्येक वेळी फायदा गल्ल्यावाल्यांचा आणि भुर्दंड पोरांना, हेच दिसतं. पोरींना तर भुर्दंड भरायलाही बोलवलेलं नाही, त्यावर येतोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: आइस हॉकीची २० वर्षांखालच्या मुलांची वर्ल्ड चॅम्पियनशिप, दरवर्षी २६ डिसेंबरला सुरू होते, ५ जानेवारीच्या आसपास फायनल, १० टीम्स. कॅनडात नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच डिसेंबरात ऑफिसातलं कोणीतरी विचारतं, काल ज्युनिअर्स बघितलंस का, आणि आपल्याला हॉकी म्हटलं की मातीतली नाहीतर टर्फवरची आठवते. मग दोन वर्षांत आपली पोरंही स्केट्स मागायला लागतात आणि आपण पहाटे पाचला रिंकवर कॉफी घेऊन कुडकुडत उभे. असो.

आता गंमत बघा. आज जी स्पर्धा कॅनडाला स्वतःची वाटते ती सुरुवातीला कॅनडाने फार मनावरच घेतली नव्हती. १९७४ ला लेनिनग्राडमध्ये, ७५ ला कॅनडात विनिपेग आणि आसपास, ७६ ला फिनलंडच्या तुर्कूत अशा तीन अनधिकृत स्पर्धा झाल्या, तिन्ही सोव्हिएत युनियनने जिंकल्या. १९७७ ला अधिकृत झाली तर पहिल्या चारही पुन्हा त्यांच्याच. कॅनडा काय करायचा, तर बहुतेक वेळा देशातून निवडलेली टीम न पाठवता एखादा ज्युनिअर क्लबच उचलून पाठवायचा, पीटरबरो पीट्स, न्यू वेस्टमिन्स्टर ब्रुइन्स, कॉर्नवॉल रॉयल्स असे. मधे १९७८ ला माँट्रियलमध्ये घरचीच स्पर्धा होती म्हणून निवडक पोरं जमवली, त्यात १६ वर्षांचा वेन ग्रेट्झ्की, पुढे हॉकीतला महान खेळाडू ठरलेला, पठ्ठ्याने ६ मॅचमध्ये १७ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले आणि स्पर्धेत पहिला आला, तरी कॅनडाला ब्राँझच. आणि १९८१ ला जर्मनीत तर आठात सातवे.

त्या सातव्या नंबराने इज्जत गेली आणि मग १९८२ साठी प्रोग्रॅम ऑफ एक्सलन्स नावाची व्यवस्था उभी केली, म्हणजे देशभरातून निवड, कॅम्प, डेव्ह किंगसारखा कोच. लगेच फरक पडला. विनिपेगला सोव्हिएत टीमला ७-० धुतलं, ते बघून लोकांचा विश्वास बसेना. शेवटची मॅच अमेरिकेतल्या मिनेसोटात रॉचेस्टरला, चेकोस्लोव्हाकियाशी ३-३ बरोबरी, आणि तेवढ्यावर गोल्ड मिळालं कारण तेव्हा फायनल नसायचीच, सगळे सगळ्यांशी खेळायचे आणि टेबलात वरचा तो विजेता. मेडल घेताना आयोजकांकडे कॅनडाच्या राष्ट्रगीताची टेपच नव्हती. मग पोरांनी निळ्या रेषेवर उभं राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून स्वतःच ओ कॅनडा गायलं, बेसूर, मोठ्याने. या स्पर्धेच्या सगळ्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग हाच, कारण तिथे मधे कोणी नव्हतं, ना चॅनल ना स्पॉन्सर, आयोजकांनी टेप आणली नाही आणि पोरांनी त्यांचं ते निभावून नेलं.

पाच वर्षांत याच्या बरोब्बर उलटं चित्र. ४ जानेवारी १९८७, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्त्यानी, आज ते स्लोव्हाकियात आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचं शांत गाव. शेवटची मॅच कॅनडा विरुद्ध सोव्हिएत. कॅनडाचं गणित असं की हरले तरी ब्राँझ पक्कं, पाच गोलांच्या फरकाने जिंकले तर गोल्ड. सोव्हिएत टीम मात्र मेडलच्या शर्यतीतून आधीच बाहेर, म्हणजे त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नाही, आणि अशी टीम समोर असली की काय होतं हे गल्लीतल्या क्रिकेटमध्येही आपण बघतो. सुरुवातीपासून स्टिका चालत होत्या. रेफरी नॉर्वेचा हान्स रोनिंग, त्याच्या हातातून मॅच हळूहळू सुटत गेली. दुसऱ्या पिरियडमध्ये कॅनडा ४-२ ने पुढे असताना थिओ फ्ल्युरीला स्टिकचा फटका बसला, मग दोघातिघांची झोंबाझोंबी, मग सोव्हिएत बेंचवरून एक जण उडी मारून बर्फावर आला, त्याच्यामागे अख्खी बेंच, मग कॅनडाची अख्खी बेंच. रेफरी आणि लाइन्समननी थोडा वेळ प्रयत्न केला आणि चक्क बर्फावरून निघून गेले! मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की लाइट घालवा. घालवले. अंधारात पोरं एकमेकांना मारतच होती आणि प्रेक्षक शिट्ट्या घालत होते. सर्गेई फेडोरोव्ह, अलेक्झांडर मोगिल्नी, ब्रेंडन शॅनहन, पुढे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये मोठी झालेली नावं सगळी त्या गर्दीत. कॅनडाचा पिएर टर्जन मात्र बेंचवरच बसून राहिला आणि त्यासाठी त्याला पुढे कितीतरी वर्षं टोमणे खावे लागले, मारामारीत पडला नाही म्हणून!

ही गोष्ट लोक अजूनही मिटक्या मारत सांगतात, काय पेटले होते बघ पोरं. मला मात्र त्या संध्याकाळी मोठ्यांनी काय केलं त्यात जास्त रस आहे. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी फेडरेशनवाल्यांनी मीटिंग घेतली, ७ विरुद्ध १ मताने दोन्ही टीम्स स्पर्धेतून बाद, विरोधातलं एकमेव मत कॅनडाचं, सोव्हिएत प्रतिनिधीने तर स्वतःच्याच पोरांच्या विरोधात मत दिलं कारण मेडल त्यांचं नव्हतंच, घालवायचं होतं ते कॅनडाचं, असा माझा तरी हिशोब. गोल्ड फिनलंडला गेलं. खेळाडूंवर १८ महिन्यांची आंतरराष्ट्रीय बंदी, नंतर अपिलात कमी झाली. आणि इकडे टोरोंटोत मेपल लीफ्स या एनएचएल टीमचे मालक हॅरॉल्ड बॅलार्ड यांनी काय केलं, तर आपल्या पोरांसाठी स्वतःच्या खर्चाने गोल्ड मेडल्स बनवून घेतली. आता मला सांगा, या सगळ्यात कोणी शांतपणे विचारलं का की शीतयुद्धातल्या दोन देशांची पोरं समोरासमोर असताना मॅच सांभाळता येईल असा रेफरी का नेमला नाही? कोचेसनी बेंच धरून का ठेवली नाही? बेंच सोडली म्हणून बंदी पोरांवर, आणि पोरांच्या आडून राष्ट्रप्रेमाचं मार्केटिंग मोठ्यांचं.

आणि मार्केटिंग फळलं, हे मान्यच करायला पाहिजे. पिएश्त्यानीच्या आधी कॅनडात ही स्पर्धा हॉकीवेड्यांपुरती होती, त्यानंतर ती घराघरात गेली. १९९१ ला टीएसएन या स्पोर्ट्स चॅनलने ती हातात घेतली आणि त्याच वर्षी सॅस्कॅटूनला शेवटच्या मॅचमध्ये न्यूफाउंडलंडच्या जॉन स्लेनीने शेवटच्या काही मिनिटांत सोव्हिएतविरुद्ध गोल मारून ३-२ ने गोल्ड मिळवून दिलं. चॅनलला याहून चांगला मुहूर्त कुठला! पुढच्या वर्षीची स्पर्धा जर्मनीत, आणि ती चालू असतानाच सोव्हिएत युनियन नावाचा देशच बरखास्त झाला. म्हणजे पोरं एका देशाची म्हणून नाताळात खेळायला आली आणि नवीन वर्षात सीआयएस (जुन्या सोव्हिएत देशांचा गट) नावाने मॅच संपवून गोल्ड घेऊन गेली. हे जगात दुसऱ्या कुठल्या खेळात झालंय का मला आठवत नाही, पण कॅनडात त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही कारण त्या वर्षी कॅनडा सहावा होता. मग १९९३ ते ९७ सलग पाच गोल्ड, १९९६ पासून फायनल-सेमीफायनलचा फॉरमॅट आणि ८ च्या जागी १० टीम्स, मग २००५ ते ०९ पुन्हा सलग पाच. २००९ ला ओटावात रशियाविरुद्ध सेमीफायनलला ५.४ सेकंद उरले असताना जॉर्डन एबर्लीने बरोबरीचा गोल मारला ती क्लिप इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. त्या एका स्पर्धेला साडेचार लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. पोरांच्या स्पर्धेला!

इथून पुढे काय झालं ते आकड्यातच दिसतं. २००६ ते २०२५ या २० स्पर्धांपैकी ११ कॅनडात. उरलेल्यातल्या दोन अमेरिकेतल्या बफेलोला, म्हणजे नदी ओलांडली की कॅनडा, तिथली तिकिटंही मोठ्या प्रमाणात इकडच्यांनीच घेतली. २०२३ ची खरं तर रशियात नोवोसिबिर्स्क आणि ओम्स्कला ठरली होती, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर काढून घेतली ते योग्यच झालं, पण दिली कोणाला? हॅलिफॅक्स आणि माँक्टनला. परत कॅनडा.

यावर इथले मित्र मला हमखास जे उत्तर देतात ते खोटं नाहीये. ते म्हणतात बाबा रे, युरोपात ठेवली की यजमान टीमची मॅच सोडली तर स्टँड ओस पडलेले असतात, टीव्हीवर बघवत नाही, आणि कॅनडातून जो पैसा येतो त्यावर फेडरेशनच्या बाकीच्या खालच्या डिव्हिजनच्या स्पर्धा चालतात. कबूल. पैसा लागतोच. पण वीस वर्षं तुम्ही दुकान एकाच गल्लीत थाटलंत तर दुसऱ्या गल्लीतल्या लोकांना सवय लागणार कशी? बरं, हॉकीत युरोप मागे आहे असंही नाही, फिनलंडने २०१४, २०१६, २०१९ अशी सहा वर्षांत तीन गोल्ड नेली, लोकसंख्या किती तर ५५ लाखांच्या आसपास, आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमीच. तिथल्या पोरांना घरच्या प्रेक्षकांपुढे खेळायची संधी किती वेळा मिळते? कॅनडाच्या पोराला मात्र दर दुसऱ्या वर्षी १८ हजार लोक आपल्या बाजूने ओरडताना मिळतात.

आणि हे ओरडणं फुकट नसतं. २०१९ ची गोष्ट. व्हँकुव्हरला क्वार्टरफायनल, कॅनडा-फिनलंड, ओव्हरटाइममध्ये कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला. कॅप्टन मॅक्सिम कोम्त्वा, वय १९, त्याने घेतला आणि चुकला, थोड्या वेळात फिनलंडने गोल मारला, कॅनडा घरी. त्या रात्री त्याच्या सोशल मीडियावर लोकांनी जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर कळलं की पोरगा खांदा निखळलेला असताना खेळत होता. म्हणजे १९ वर्षांच्या पोराला दुखऱ्या खांद्याने बर्फावर उतरू दिलं कोणी, आणि त्याचा तो शॉट म्हणजे देशाची अब्रू असं महिनाभर जाहिरातीत दाखवलं कोणी? शिव्या देणारे बावळट आहेतच, पण त्यांना चढवलं कोणी हा प्रश्न कोणी विचारत नाही. २००४ च्या फायनलला कॅनडाचा गोलकीपर मार्क-आंद्रे फ्ल्युरीने बाहेर मारलेला पक (हॉकीची रबरी चकती) स्वतःच्याच खेळाडूला लागून गोलमध्ये गेला आणि अमेरिकेला पहिलं गोल्ड मिळालं. पुढे तो एनएचएलचा स्टॅनले कप जिंकला, तरी डिसेंबर आला की चॅनलवाले ती क्लिप लावतातच. टीआरपी.

पैशाचं बोलू. वर्ल्ड ज्युनिअर्समधली कॅनडाची बहुतेक पोरं सीएचएल या ज्युनिअर लीगमधली असतात. तिथे तिकिटं विकली जातात, जर्सी विकल्या जातात, टीव्हीचे करार होतात, आणि पोरांना मिळायचा तो किरकोळ भत्ता. २०१४ ला माजी खेळाडू किमान वेतनासाठी कोर्टात गेले, २०२० मध्ये ३ कोटी कॅनेडियन डॉलरची तडजोड जाहीर झाली. लीगचं म्हणणं काय तर ही पोरं विद्यार्थी-खेळाडू आहेत, कामगार नाहीत. ऐकायला छान वाटतं. आपल्याकडे २०१८ ला पृथ्वी शॉच्या टीमने अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकला तेव्हा बीसीसीआयने प्रत्येक खेळाडूला ३० लाख रुपये जाहीर केले. बीसीसीआयला आपण उठता-बसता शिव्या घालतो, आणि घालाव्यातच, पण निदान पोरं जिंकली की पोरांच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे एवढं तरी त्यांना कळलं.

मग कॅनडात पैसा गेला कुठे? याचं एक उत्तर २०२२ ला बाहेर आलं आणि देशाला हादरा बसला. २०१८ च्या ज्युनिअर टीमच्या गौरव समारंभानंतर ओंटारिओतल्या लंडन शहरात हॉटेलमध्ये त्या टीममधल्या काहींनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केला असा एका तरुणीचा आरोप होता, आणि हॉकी कॅनडाने, म्हणजे देशातली हॉकी चालवणाऱ्या संस्थेने, गुपचूप पैसे देऊन ते प्रकरण मिटवलं होतं. नंतर फौजदारी खटला चालला, जुलै २०२५ मध्ये कोर्टाने पाचही आरोपींना निर्दोष सोडलं, त्यामुळे त्या रात्रीबद्दल मी इथे निवाडा करत बसणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण संस्थेबद्दल बोलायला कोर्टाची गरज नाही, त्यांनी पार्लमेंटच्या समितीपुढे स्वतःच सांगितलंय: १९८९ पासून लैंगिक अत्याचाराच्या ९ प्रकरणांत एका फंडातून ७६ लाख डॉलर दिले. आणि त्या फंडात पैसा कुठून यायचा, तर देशभरातल्या पोराटोरांच्या रजिस्ट्रेशन फीमधून. म्हणजे तुम्ही-आम्ही आपल्या सहा वर्षांच्या लेकराला स्केटिंग शिकवायला जी फी भरतो त्यातला एक वाटा इकडे. टिम हॉर्टन्स, कॅनेडियन टायर, स्कोशियाबँक या सगळ्या स्पॉन्सर कंपन्यांनी हात आखडते घेतले, ऑक्टोबर २०२२ मध्ये सीईओ आणि पूर्ण बोर्डाला जावं लागलं. त्याच ऑगस्टमध्ये एडमंटनला, डिसेंबरात कोविडमुळे अर्धवट बंद पडलेली स्पर्धा पुन्हा घेतली, कॅनडाने ओव्हरटाइमला गोल्ड जिंकलं आणि स्टेडियम बराचसा रिकामा. ऑगस्टात हॉकी कोण बघतं हे एक कारण, पण लोकांचं मन उडालं होतं हे दुसरं.

आता पोरींचं. मुलींसाठी २० वर्षांखालची वर्ल्ड चॅम्पियनशिप नाहीच. एवढ्या वर्षांत नाही. १८ वर्षांखालची आहे, ती २००८ ला कॅलगरीत सुरू झाली, त्यानंतर एकदम सीनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप. मधली दोन-तीन वर्षं, जेव्हा खेळाडू खरी घडते, तेव्हा तिच्यासाठी जगाच्या पातळीवर ज्युनिअरची जागा नाही. आणि जी अंडर-१८ आहे तिची किंमत किती ते कोविडमध्ये दिसलं. २०२१ ला मुलांची वर्ल्ड ज्युनिअर्स एडमंटनला बबल करून घेतली, एकही प्रेक्षक नाही तरी घेतली, मुलांची अंडर-१८ टेक्सासला घेतली. मुलींची रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा, २४ डिसेंबर २०२१ ला जाहीर केलं की जानेवारीतली मुलींची अंडर-१८ रद्द, आणि दोनच दिवसांनी मुलांची अल्बर्टा प्रांतात, एडमंटनकडेच, दिमाखात सुरू! तीही तीन-चार दिवसांत कोसळली ते वेगळं. जगभरातून बोंब झाली तेव्हा कुठे मुलींची स्पर्धा जूनमध्ये विस्कॉन्सिनला घेतली. म्हणजे घेता येत होती. दोन वर्षं मुकलेल्या मुलींपैकी ज्यांचं वय उलटून गेलं त्यांना ती संधी परत मिळालीच नाही, आणि अंडर-१८ हरवली की पुढे धरायला अंडर-२० पण नाही.

याला नेहमीचं उत्तर म्हणजे मुलींमध्ये काय, कॅनडा आणि अमेरिकाच जिंकणार, स्पर्धा कुठे आहे. अहो, मुलांच्या स्पर्धेतही सुरुवातीच्या सातही सोव्हिएतांनीच नेल्या होत्या ना, अनधिकृत धरून? तेव्हा कोणी म्हणालं का, बंद करा? आणि आजही मुलांच्या विजेत्यांची यादी काढा, सोव्हिएत-रशिया (एकच धरलं), कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, चेक, एवढीच नावं, जवळजवळ पन्नास वर्षांत सहा देश. तिकडे मुलींच्या अंडर-१८ मध्ये २०२३ ला स्वीडन फायनलला आलं, २०२४ ला चेकिया आलं. दोघी मोठ्या फरकाने हरल्या, मान्य. १९८१ ला कॅनडाही सातवा होता आणि वर्षभरात चॅम्पियन झाला, कारण कोणीतरी पैसा आणि कॅम्प लावला. क्रिकेटने मुलांचा अंडर-१९ वर्ल्ड कप १९८८ ला सुरू केला आणि मुलींचा २०२३ ला, ३५ वर्षं उशिरा, पण केला, शफाली वर्माच्या टीमने पहिलाच उचलला. मैदानावरच्या हॉकीत तर ज्युनिअर मुलींचा वर्ल्ड कप १९८९ पासून आहे. आइस हॉकीवाल्यांना कसली वाट बघायचीय?

मला विचाराल तर करायचं काय ते अवघड नाहीये. यजमानपद कॅनडाला दर चार वर्षांनी एकदा, त्याहून जास्त नाही, आणि त्या एका वर्षाच्या तिकिटांचा नफा आधीच बाजूला काढून मुलींच्या अंडर-२० साठी ठेवायचा, पहिल्या काही स्पर्धा सहा टीम्सच्या घ्या, छोट्या रिंकवर घ्या, चालेल. खेळणाऱ्या प्रत्येक पोराला आणि पोरीला टीव्हीच्या पैशातला ठरलेला वाटा, भत्ता म्हणून नको, करार करून. आणि दुखापत असलेला खेळाडू उतरवायचा की नाही हे टीमच्या डॉक्टरने नाही, स्पर्धेच्या डॉक्टरने ठरवायचं. कॅनडातले प्रेक्षक चिडतील, चॅनल रडेल, फेडरेशन म्हणेल पैसे कमी पडतात. २०२७ ची स्पर्धा एडमंटन आणि रेड डिअरला आहे, म्हणजे परत अल्बर्टातच. निदान तिथल्या तिकिटांच्या पैशातून मुलींच्या स्पर्धेसाठी किती काढणार, हे विक्री सुरू व्हायच्या आत हॉकी कॅनडाने आकड्यात जाहीर करावं.